नाल्याच्या अलीकडची शाळा

जबलपूर
९ जानेवारी २०२५

चि. रुचिरा हिला अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच हातात पडलं होतं. रोज लिहायला बसायचो आणि रोज उठायचो, कारण तू विचारलेलं मला नीट कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं लिहायची लाज वाटत होती. शेवटी तुझी आजी म्हणाली, "नातीला काय परीक्षा देऊन राहिले काय? जे येते ते लिहा आन् पाकीट बंद करा." म्हणून आज बसलोच.

फोनवर विचारलं असतंस तर लवकर झालं असतं हे मलाही समजतं. पण फोनवर तुझी आजी ऐकते आणि मला खुणांनी सांगते, आणि त्यात अर्धं ती स्वतःच्या मनाचं घालते. फॅक्टरीत तोफा तपासायच्या मैदानाशेजारी माझी सगळी नोकरी गेली. कान तिथेच राहिले. तुझ्या बाबांनी बिलासपूरहून कानात घालायचं यंत्र आणून दिलं आहे, पण त्यात सगळ्या जगाचा आवाज एकदम शिरतो आणि समोरच्या माणसाचा तेवढा येत नाही.

आधी माझी काळजी लिहितो, मग तुझ्या प्रश्नाकडे येतो. एका डिग्रीत अर्थशास्त्र आणि भूगोल असे दोन्ही विषय म्हणजे नक्की काय? दिवाळीच्या फराळाला आपल्या मराठी मंडळात श्रीकांत बोकाडे भेटले होते. त्यांचा नातू अनुपम इंजिनिअर झाला, मागच्या गणपतीत त्याचा सत्कार झाला. ते मला सगळ्यांसमोर जोरात, म्हणजे मला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हणाले, "इकॉनॉमिक्स और जिऑग्रफी? मतलब बी.ए.च ना रत्नाकरराव? त्यासाठी पोरीला बंगलोरला काहून पाठवलं? इथं काय कॉलेजं कमी होती?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

मला भीती ही वाटते की दोन विषय म्हणजे दोन्ही अर्धे तर नाहीत ना? जाहिरातीत एकच विषय मागतात. तू कोणत्या रांगेत उभी राहशील? दोन्ही रांगांतून परत पाठवलं तर?

आता शाळेचं. ओमती नाल्याच्या अलीकडच्या आपल्या मराठी प्राथमिक शाळेत आता कोण येतं असं तू विचारलंस. मी तिथे सातवीपर्यंत शिकलो, तेव्हा वर्गात सगळी आपलीच मुलं असायची. आता मराठी घरातलं एकही मूल नाही. शिकवणंही हिंदीतून चालतं, मराठीचा एक तास तेवढा उरला आहे. नाल्याच्या काठच्या झोपड्यांतली मुलं येतात, त्यांत मुली जास्त. प्रणोतीबाई आहेत, त्याच मुख्य आणि त्याच शिक्षिका. मी गेलो तर त्यांनी खुर्ची पुसून दिली. तू शाळेवर काही लिहिते आहेस हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "चलो, कोणी तरी आमच्यावर लिहून राहिलं."

पण हे तू का विचारतेस? शाळेवर काही संकट तर नाही? लवकर लिही.

तुझा आजोबा
रत्नाकर

—

बंगळुरू
२८ जानेवारी २०२५

प्रिय आजोबा,
नमस्कार.

माझ्या मराठीला हसू नका. मी हळूहळू, विचार करून लिहीत आहे.

डिग्री पूर्ण आहे, अर्धी नाही. अर्थशास्त्र विचारतं की एखाद्या कामाला किती खर्च येतो आणि त्यातून मिळतं काय. भूगोल विचारतो की ते काम कुठे आहे, तिथे कोण राहतं, वाटेत काय येतं. दोन्ही प्रश्न एकाच जागेला विचारायचे, एवढीच या कोर्सची गोष्ट आहे. बोकाडे आजोबांना सांगा, हो, बी.ए.च आहे.

शाळेवर संकट नाही. शेवटच्या वर्षी एक प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय असा आहे की शहरातल्या छोट्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिसळाव्या की नाही. सगळीकडे हे चालू आहे. मी उदाहरण म्हणून आपली शाळा घेतली, कारण तिथे माझा माणूस आहे. तो माणूस तुम्ही.

मला दोन गाईड आहेत. अर्थशास्त्राच्या सरांना आकडे पाहिजेत. भूगोलाच्या मॅडमना नकाशा पाहिजे. ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच इमारतीत आहेत, पण मजले वेगळे. मी जिन्यात राहते असं समजा.

हिशोबाचे कागद मी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक अहवालातून घेतले. तुम्ही फक्त एक करा. आपली शाळा बंद झाली तर मुलांना नाल्यापलीकडच्या शाळेत जावं लागेल. नकाशावर ती अगदी जवळ दिसते. तुम्ही एकदा तिथे चालत जा आणि मुलं जातील तशीच वाट धरा. वाटेत काय काय आहे ते मला लिहा. आजीला बरोबर न्या.

तुमची
रुचिरा

—

जबलपूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. रुचिरा हिला आशीर्वाद.

जाऊन आलो. तुझी आजी पाय दुखतो म्हणत अर्ध्यातून परत येणार होती, पण मी नाल्यात पडेन या भीतीनं शेवटपर्यंत आली.

नकाशावर ती शाळा जवळ दिसते हे खरं आहे. आपल्या शाळेच्या फाटकातून तिची पाण्याची टाकी दिसते. पण मध्ये नाला आहे. पक्की पुलिया, म्हणजे छोटा पूल, फार खाली आहे, तिकडून कोणी जात नाही. लोक नाल्यावर आडव्या टाकलेल्या पाण्याच्या जाड नळावरून पलीकडे जातात. नळावरून मीही दोन पावलं टाकली, मग तुझी आजी ओरडली म्हणून, म्हणजे तिचं तोंड ओरडल्यासारखं दिसलं म्हणून परत फिरलो आणि आम्ही पुलियावरून वळसा घालून पलीकडे गेलो. पावसाळ्यात पाणी नळावरून वाहतं असं तिथली माणसं म्हणाली. पलीकडे चढून गेलं की कोपऱ्यावर देशी दारूची कलारी आहे. सकाळीच तिथे माणसं बसलेली होती. शाळेत जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही.

मग मी मुलांच्या आयांना विचारलं. त्यांना वाटलं मी राशन कार्डाच्या चौकशीला आलो. एक बाई तर हात जोडून उभी राहिली, "दादा, नाम तो नहीं कटेगा ना?" तुझ्या आजीनं समजावलं तेव्हा बोलायला लागली. तिची मुलगी क्षमा चौथीत आहे, आणि तीच धाकट्या बहिणीला घेऊन शाळेत येते.

ही माणसं सराफ्यात काम करतात. उजाडायच्या आत सोनारांच्या दुकानांपुढची माती झाडून आणतात, नाल्यावर बसून धुतात आणि तिच्यातून सोन्याचे कण काढतात. इकडे त्यांना नियारिए म्हणतात. दुकानं उघडली की झाडायला मिळत नाही. म्हणून आया अंधारातच घराबाहेर पडतात, आणि मुलींना शाळेत पोचवायला घरी कोणी नसतं. आपली शाळा दाराशी आहे म्हणून त्या मुली येतात. मी विचारलं, पलीकडच्या शाळेत पाठवाल का? ती बाई तुझ्या आजीकडे बघून हसली आणि म्हणाली, "कलारी के सामने से? बाई, तुम भेजतीं अपनी मोड़ी को?" मोड़ी म्हणजे मुलगी.

घरी आल्यावर तुझी आजी म्हणाली, हे सगळं रुचिराला लिहा, एकही गोष्ट गाळू नका. म्हणून लिहिलं. सराफा जवळ पाहिजे, पाणी जवळ पाहिजे आणि शाळाही जवळ पाहिजे. यातलं एक हललं तर बाकीचं कसं राहील ते मला कळत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग.

तुझे दोन गाईड भांडत तर नाहीत ना? त्यांच्या भांडणात तुझे गुण जाऊ नयेत. दोघांशीही नम्रपणे वाग.

तुझा आजोबा
रत्नाकर

—

बंगळुरू
१६ मे २०२५

प्रिय आजोबा,

नमस्कार. प्रबंध जमा झाला. दोन्हीकडून चांगले गुण मिळाले. तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, असं फील्डवर्क आमची मुलंही करत नाहीत.

तुम्ही हट्ट केला म्हणून एक प्रत पाठवते. इंग्रजीत आहे. तुमचं नाव पहिल्या पानावर आभारात आहे, ते तेवढं अनुपमकडून वाचून घ्या. पण ही प्रत कोणाला देऊ नका. खास करून संस्थेतल्या कोणाला नाही. त्यातले आकडे त्यांचे आहेत, उगाच गैरसमज होईल. कपाटात ठेवा.

मी इथेच नोकरी बघते आहे. अजून काही पक्कं नाही.

तुमची
रुचिरा

—

जबलपूर
१ सप्टेंबर २०२५

चि. रुचिरा हिला अनेक, अनेक आशीर्वाद.

काल गणपतीत गुणवंतांचा सत्कार झाला आणि त्यात तुझं नाव पहिलं पुकारलं. अनुपमचं मागच्या वर्षी चौथं होतं.

आधी तुला एक सांगतो, चिडू नकोस. प्रत मी कपाटातच ठेवली होती. पण सत्काराला नाव द्यायला गेलो तर गौरांगराव म्हणाले की मार्कशीट सगळेच आणतात, काही काम केलं असेल तर दाखवा. गौरांगराव वकील आहेत, आणि उत्सव समितीत आहेत तसे शाळेच्या संस्थेचे सचिवही तेच आहेत. बाजूला बोकाडे बसलेले होते. त्यांनी परत तेच विचारलं, "हाँ भई, बी.ए.वाल्यांचा पण सत्कार होतो का?" मी घरी आलो, प्रत काढली, दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि गौरांगरावांच्या टेबलावर ठेवली. ते उभ्याउभ्या चाळत होते, मग बसून वाचायला लागले. बोकाडेंचं तोंड बघायला तू पाहिजे होतीस.

काल तुझ्या आजीला ताप होता म्हणून मी एकटाच गेलो. तुझ्या वतीनं मला व्यासपीठावर बसवलं. शाल दिली, नारळ दिला. मग गौरांगरावांनी तुझा प्रबंध हातात उंच धरला आणि पुष्कळ वेळ बोलले. मला शब्द कळले नाहीत. पण तुझं नाव घेताना ओठ कसे होतात ते मला माहीत आहे, आणि ते पुन्हा पुन्हा तसे होत होते. शेवटी सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. प्रणोतीबाई मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, काही बोलल्या, आणि प्रसाद न घेता निघून गेल्या. त्यांच्या शाळेचं नाव एवढ्या मोठ्या माणसांसमोर आलं, त्यांना भरून आलं असेल.

बोकाडे उतरताना मला हात द्यायला आले. पहिल्यांदाच.

तुझी शाल आजीनं जपून ठेवली आहे. दिवाळीला ये.

तुझा आजोबा
रत्नाकर

—

बंगळुरू
१० सप्टेंबर २०२५

आजोबा,

तुमचं पत्र यायच्या आधीच आईनं बिलासपूरहून मला व्हिडिओ पाठवला. मंडळाच्या ग्रुपवर आला होता. तुम्हाला कोणीच काही सांगितलं नाही असं दिसतं. मग मला सांगावं लागेल.

गौरांगकाकांनी हे सांगितलं: "आपल्याच समाजाच्या मुलीनं, अर्थशास्त्र आणि भूगोलाच्या डबल डिग्रीनं, सिद्ध केलंय की आपल्या शाळेत एका मुलामागे होणारा खर्च पलीकडच्या शाळेच्या कितीतरी पट आहे. नकाशावर दाखवलंय की पलीकडची शाळा अगदी लगतच आहे. आता भावनेत अडकून राहायचं का? या सत्रानंतर शाळा तिकडे मिसळू आणि या मोक्याच्या जागेवर समाजासाठी वातानुकूलित मंगल कार्यालय बांधू." तेव्हा टाळ्या वाजल्या.

प्रणोतीबाई ओरडून म्हणाल्या, "और बच्चियाँ?" व्हिडिओत तुम्ही त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत आहात, आजोबा. हसत आहात.

मी तुम्हाला लिहिलं होतं, कोणाला देऊ नका. एका बोकाडेसाठी तुम्ही दिलंत.

माझ्या प्रबंधाचे दोन भाग आहेत. त्यांनी फक्त पहिला वाचला. दुसऱ्या भागात नाला आहे, कलारी आहे, नळ आहे, सगळं आहे. ते अर्धं काम त्यांनी फेकून दिलं आणि माझं नाव तेवढं ठेवलं.

रुचिरा

—

जबलपूर
२९ सप्टेंबर २०२५

चि. रुचिरा,

तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. तुझ्या आजीला ते वाचायला दिलं. ती एवढंच म्हणाली, "मी असती तर तुमचे हात धरले असते."

दुसऱ्या दिवशी प्रणोतीबाईंकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पण पुसली नाही. मी म्हटलं, बाई, मला ऐकू आलं नाही. त्यांनी पाटीवर खडूनं लिहून माझ्यासमोर धरलं, "सबको सुनाई दिया था दादा." मग पाटी पुसली आणि वर्गात गेल्या.

तिथून तुझ्या आजीला घेऊन गौरांगरावांच्या ऑफिसात गेलो. ती ऐकून माझ्या कानाशी सांगत होती. मी म्हटलं, माझ्या नातीनं दुसरा भागही लिहिलाय, तो का वाचला नाही? ते म्हणाले, "काकाजी, तो भूगोलाचा आहे. संस्थेला हिशोब पाहिजे." मी म्हटलं, नाला हिशोबात येत नाही काय? ते हसले. "नाला तर पिढ्यान् पिढ्या आहे. आपली किती मुलं आहेत त्या शाळेत? एक दाखवा, मी आज ठराव मागे घेतो." तुझी आजी तिथंच म्हणाली, "आपली नसली म्हणजे मुलं नाहीत काय गौरांग? तुझ्या मुंजीला मी पंगत वाढली, तेव्हा असा नव्हतास तू." त्यांनी चहा मागवला. आम्ही घेतला नाही.

इथपर्यंत माझा राग त्यांच्यावर होता. आता पुढचं ऐक.

अनुपम नवरात्रात घरी आला आहे. मी त्याला विनवून तुझा प्रबंध मांडीवर घेऊन बसवला. आभारातलं माझं नाव वाचून घ्यायचं राहिलंच होतं. म्हटलं, आता सगळंच वाच आणि जिथे भाग संपतो तिथे काय लिहिलं आहे ते मला मराठीत लिहून दे. मुलगा चांगला आहे, आजोबासारखा नाही. त्यानं लिहून दिलं. पहिल्या भागाच्या शेवटी तू लिहिलं आहेस, मिसळल्यानं खर्चात मोठी बचत होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी लिहिलं आहेस, अंतराचा अर्थ स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असतो, अधिक अभ्यासाची गरज आहे.

मी त्याला विचारलं, शाळा बंद करू नये असं कुठे आहे? तो पानं उलटत राहिला. म्हणाला, आजोबा, असं कुठेच नाही. मी विचारलं, नियारियांचं काय? त्यानं नकाशावरचं एक टिंब दाखवलं.

म्हणजे गौरांगरावांनी अर्धं फेकलं असं तू म्हणतेस, पण ते अर्धं तूच सोडून दिलेलं होतं. तिथे त्या बाईनं तुझ्या आजीला विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा पाठवला होता. तुला उत्तर माहीत होतं. लिहिलं का नाहीस? अधिक अभ्यास कोण करणार होतं, मी?

आता एक काम कर. नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला संस्थेची सभा आहे, त्यात ठराव मंजूर होईल. मी जुना सभासद आहे, मला बोलता येतं. तू एक पान लिहून पाठव. मराठीत, सहीनं. की दोन्ही भाग एकत्र वाचले तर माझं मत असं आहे. बाकी मी बघतो.

रत्नाकर

—

बंगळुरू
१८ ऑक्टोबर २०२५

आजोबा,

तुम्ही बरोबर आहात. शेवटचं एक प्रकरण होतं, ज्यात दोन्ही जोडलेले होते. त्यात मी सरळ लिहिलं होतं की बचत खोटी आहे, कारण मुली दुसऱ्या शाळेत जाणारच नाहीत, त्या घरी बसतील. सर म्हणाले, हे अर्थशास्त्र नाही, तुझं मत आहे. मॅडम म्हणाल्या, पैशाच्या गोष्टीत मी गुण देऊ शकत नाही. दोघांचे गुण पाहिजे होते. मी ते प्रकरण काढलं.

ते पान मी लिहू शकत नाही. ऑगस्टपासून मला नोकरी लागली आहे. तुम्हाला सांगितलं नाही. आमची कंपनी वेगवेगळ्या शहरांसाठी हाच हिशोब करते, कुठली शाळा कुठे मिसळायची. या डिग्रीला दुसरं कोणी विचारत नव्हतं. रांगेचं तुम्ही म्हणाला होता ना, तसंच झालं. अजून मी पक्की नाही. अशा वेळी माझ्या सहीचं उलटं पत्र एखाद्या सभेत वाचलं गेलं आणि ग्रुपवर फिरलं, तर मी काय सांगू?

आणि एक विचारते, वाईट मानू नका. लहानपणी मी जबलपूरलाच होते, तरी मला तुम्ही त्या शाळेत का नाही घातलं? बाबांना का नाही? आपल्या घरातून तिथे शेवटचे तुम्हीच गेलात. मग आता सगळ्यांची शाळा मीच का वाचवायची?

दिवाळीला सुट्टी नाही. आजीला नमस्कार.

रुचिरा

—

जबलपूर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. रुचिरा हिला आशीर्वाद.

तू विचारलंस, तुला त्या शाळेत का घातलं नाही. तू बोकाडेंच्या नातवाच्या मागे पडू नयेस म्हणून. तुझे बाबाही अशाच कोणाच्या मागे पडू नयेत म्हणून त्यांना नाही घातलं. दुसरं कारण नाही. मनाला बरं वाटेल असं काही शोधून पाहिलं, सापडलं नाही.

काल सभा झाली. शनिवारपर्यंत मी पोस्टमनची वाट बघत होतो. तू नाही म्हणालीस तरी बघत होतो. तुझी आजी म्हणाली, "ती नाही लिहिणार. तुम्ही जा आन् आपल्या तोंडानं सांगा." गेलो. माणसं पुष्कळ होती. भिंतीवर कार्यालयाचं रंगीत चित्र लावलं होतं, दारात कारंजं, बाहेर मोटारींसाठी जागा.

ठराव वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. नाला सांगितला, नळ सांगितला, कलारी सांगितली. सराफ्यातल्या मातीचं सांगितलं, आया अंधारात का जातात ते सांगितलं. म्हटलं, त्या मुली पलीकडे जाणार नाहीत, घरी बसतील. माझा आवाज चढला होता म्हणे, मला समजत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघत होते. दोघंतिघं हसले तेही दिसलं. प्रणोतीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना सभासदत्व नाही, म्हणून आत बसू दिलं नव्हतं.

मग गौरांगराव काही बोलले. तुझी आजी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "तो विचारून राहिला की हे तुमच्या नातीनं कुठं लिहिलंय. तिच्या पुस्तकात तर नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो असतो तर तिथेच संपलं होतं. मी म्हटलं, तिनं मला पत्रात लिहिलंय. दोन्ही विषय एकत्र लावले तर शाळा चालूच ठेवली पाहिजे असं तिचं मत आहे, सहीनिशी.

ते म्हणाले, "वाचून दाखवा."

मी म्हटलं, घरी राहिलं.

परत कोणी तरी हसलं. पण मागून बोकाडे उठले. आश्चर्य वाटेल तुला, मलाही वाटलं. ते म्हणाले, "भई, त्याच मुलीच्या नावावर ठराव करून राहिले, तर तिचं पत्र बघायला काय हरकत आहे? अर्धी गोष्ट ऐकून, हुकूम झाला की हात वर करायला ही काही फॅक्टरी नाही." चारदोन जणांनी माना हलवल्या. गौरांगरावांना ते आवडलं नाही, पण मतदान सात डिसेंबरवर गेलं. त्या दिवशी पत्र आलं तर वाचायचं. नाही आलं तर ठराव मंजूर.

बाहेर प्रणोतीबाई माझ्याजवळ आल्या. पाटी नव्हती. त्या माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "दादा, सचमुच लिखा है उसने?" मी हो म्हटलं. त्यांनी माझे पाय धरले. मी त्यांना थांबवू शकलो नाही, कारण थांबवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

घरी आल्यावर तुझ्या आजीनं माझ्याशी भांडण केलं. म्हणाली, पोरीच्या नोकरीच्या जिवावर खोटं बोलून आले. मला हे मान्य आहे. तुझी नोकरी जाऊ शकते हे मला कळतं, मी नोकरी केलेला माणूस आहे. तुला ती किती दारं फिरून मिळाली असेल तेही कळतं. मी तुला आज्ञा करत नाही. तो हक्क मी त्या झेरॉक्सच्या दुकानात गमावला.

पण तू काढून टाकलेलं ते प्रकरण अजून तुझ्याजवळ असेल. त्यातलं एक पान पुरे. तारीख सभेच्या आधीची घालू नकोस, आता आणखी खोटं नको. मी सभेत उभा राहून सांगेन की पत्र आधी आलेलं नव्हतं, मी खोटं बोललो, पण मत हे तिचंच आहे आणि ही तिची सही. माझी फजिती होईल ती होऊ दे. प्रणोतीबाईंना मात्र ते मी आधी सांगेन, सभेत नाही.

आणि तुला लिहायचंच नसेल तर तसंही लिही. नकारही कळव. मी सात तारखेला रिकाम्या हातानं दारात उभा राहीन आणि पोस्टात अडकलं असेल असं स्वतःलाच सांगत बसेन, एवढं माझ्यावर येऊ देऊ नकोस. तुझा नकार आला तर मी त्या नाल्यावर जाऊन क्षमाच्या आईला सांगेन की बाई, दुसरी वाट शोध.

तुझ्या आजीनं फोन करते म्हटलं तर मी नको म्हणालो. फोनवरचं मला ऐकू येणार नाही आणि ती जे सांगेल त्यावर माझा विश्वास बसणार नाही. तुझ्या हाताचं पाहिजे. हो किंवा नाही, पण स्पीड पोस्टानं, आणि लवकर. रोज सकाळपासून मी ओट्यावर बसलेला असतो.

तुझा आजोबा
रत्नाकर